रेघ

शुक्रवारी दुपारी सेठ नमाजाला जातो,
शटर गुडघ्यापर्यंत खाली येतं,
आणि त्या फटीतून वाकून तिघं आत शिरतात.
चपला हातात.
बाहेर लहान चपला दिसल्या की कुणीतरी विचारतं.

अजमानच्या नुऐमियात अबायांचं हे दुकान.
सोळा वर्षं मी काळंच कापड बेततेय.
काळ्याचे किती प्रकार असतात ते मला विचारा.
उरलेल्या कातरणी, त्या आमच्या पाट्या.
शिंप्याचा चपटा खडू, ती लेखणी.
झटकलं की कोरं.

मी शाळेतली बाई नव्हे.
सातवी नापास, तीसुद्धा मुदखेडला.
पण छाती, खांदा, बाही, उंची
रोज वाचते, रोज लिहिते,
आणि एवढ्यावर
दुसरीचं एक पुस्तक चालवते
ज्याला पहिली अकरा पानं नाहीत.

यशोधरा नऊ वर्षांची.
आईचा व्हिसा संपला तेव्हा ती पोटात होती.
शाळेला कागद लागतो,
त्या कागदाला आधीचा कागद लागतो,
आणि आधीचा कागद म्हणजे जन्म,
तो कुणी लिहूनच घेतला नाही.

पहिल्या महिन्यात तिने अख्खा धडा घडाघडा वाचला.
मी खूश. कामाची बाई असून डोळ्यांत पाणी.
मग सुजलने पुस्तक ओढून घेतलं
आणि ती वाचतच राहिली,
हवेत बोट फिरवत, एकही काना न चुकता.

पुन्हा पहिल्यापासून.
बोट अक्षराखाली, तोंड नंतर.
तरी बोट जायचं उजव्या टोकाला.
तिचं तरी काय चुकलं?
तिने पाहिलेली सगळी अक्षरं, दवाखाना, बकाला, बस,
उजवीकडूनच चालत येतात.
म्हणून ती वाचायची: र, घ.
"रघ म्हणजे काय, मावशी?"

सुजल नेपाळचा. त्याला माझी अर्धी भाषा कळत नाही,
त्याची मला पाव.
पण घ तोच, र तोच,
आणि दोन्ही जोडून तो "घर" म्हणाला तेव्हा
आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं,
एकाच घराकडे पाहावं तसं.
(चौथी आफ्रीन. ती गठ्ठ्यावर झोपते.
हजेरीत मी तिलाही धरते.)

पुस्तक संपलं तेव्हा बकाल्यातून कांद्याचं पोतं मागून आणलं.
त्यावर निळ्या शाईत
ना. शि. क.
तिघं मिळून दहा मिनिटं.
क आल्यावर यशोधराने पोत्याला हात लावून पाहिला.
काय होतं तिच्या मनात, मी विचारलं नाही.

मागच्या शुक्रवारी म्हटलं, आज स्वतःचं नाव.
जीभ दातांत धरून तिने लिहिलं:
यशोघरा.

"घर!" सुजल ओरडला.
होतंच की. तिच्या नावाच्या पोटात
घर येऊन बसलं होतं.

मी खडू हातात घेतला, खाली ठेवला.
पोरीचं नाव चुकीचं ठेवून कसं चालेल?
कधीतरी एखादा अर्ज येईल,
कुणीतरी खिडकीआडून म्हणेल, इथे लिही.
म्हणून सांगितलं, ध आहे तो, घ नव्हे.
धच्या डोक्यावरची रेघ अख्खी नसते,
तिथे ती तुटते.
आणि अंगठ्याने तेवढीच रेघ पुसली.

ती बघत राहिली.
"मग घर कुठे लिहू?"
"शेजारी," मी म्हटलं. "वेगळं.
मध्ये थोडी जागा सोडून."

तिने जागा सोडली. जरा जास्तच सोडली.

तेवढ्यात शटर वाजलं.
पोरं मागच्या दाराने गेली,
कातरणी मी घाईत ढिगात सारल्या.
संध्याकाळी पाहते तर तिची पाटी नाही.
बहुधा मशीनवरच्या मुलाने
कुणाच्या तरी बाहीच्या आत जोड म्हणून लावून टाकली.

पहिल्या धुण्यात खडू जाईल.
तोवर कुणी एक बाई ह्या गावात
मनगटाशी तिचं नाव घेऊन फिरते आहे,
तिला ते वाचता येत नाही.